दर पावसाळ्यात सडणारं परसातलं अळू

तक्रार बहुतेकांची एकच असते. मृगात अळू तरारून फुटतं, आषाढ लागेपर्यंत पानं सुपाएवढी होतात, आणि मग चार-पाच दिवसांची झड लागली की पानांवर तपकिरी डाग, डागांची भोकं आणि शेवटी चिघळून लोंबणारं पान. गणपतीत वड्या करायच्या किंवा ऋषिपंचमीची भाजी करायची, तेव्हा दारात अळू असूनही मंडईतून जुडी आणावी लागते. पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

यावर मिळणारे सल्लेही ठरलेले. पाणी जास्त झालं असेल, ऊन कमी पडत असेल, शेणखत घाला, राख टाका. यातला पहिला सल्ला सगळ्यात जास्त दिशाभूल करतो. पाटाच्या कडेला, विहिरीपाशी, न्हाणीच्या मागे वाढणारं हे झाड. मुळाशी ओल त्याला हवीच असते. बिघडतं ते पानावर ओल टिकून राहिली की. आणि सावलीच्या बागेत नेमकी तीच टिकते: ऊन पोचत नाही, वारा अडतो, पाऊस थांबल्यावरही वरच्या झाडाचं पाणी तासन्‌तास टपकत राहतं आणि पान संध्याकाळपासून सकाळपर्यंत सुकत नाही.

अळवाच्या पानावर पाणी ठरत नाही हे आपण लहानपणापासून ऐकतो, आणि ते खरंही आहे. पण घरंगळलेलं पाणी जातं कुठे? पानाच्या टोकाशी, कडांना आणि देठ जिथे पानाला चिकटतो त्या खळगीत. डाग पहिल्यांदा कुठे उमटतात ते यंदा बघा. बहुतेक वेळा याच जागा असतात.

इथे जे लिहितोय ते भाजीच्या आणि वडीच्या अळवाबद्दल, म्हणजे कोलोकेशिया एस्क्युलेंटाबद्दल. कोकणात रानात उगवणारं तेरं हे त्याचंच जंगली भावंड. रोपवाटिकेत मिळणारी, पानं आभाळाकडे उभी धरणारी शोभेची अलोकेशिया वेगळी. सावली, ओल, हवा यांबद्दलचं बरंचसं तिलाही लागू पडतं, पण ती खायची नाही.

आधी महिना बघा

कुणी अळवाचा फोटो पाठवला की मी पहिल्यांदा विचारतो, हे कोणत्या महिन्यात सुरू झालं? पानाची कड तपकिरी होणं हे अर्धा डझन दुखण्यांचं लक्षण आहे. फोटोवरून त्यातलं एक निवडणं अवघड, महिन्यावरून सोपं.

फेब्रुवारीपासून कडा वाळायला लागल्या तर पाण्यातला खार, कोरडी हवा किंवा लाल कोळी. जून ते सप्टेंबर डाग वाढत गेले तर करपा, म्हणजे पान डागाळून सडवणारा रोग. ऑक्टोबरच्या उकाड्यात पान मुरडलं किंवा चाळणी झालं तर मावा नाहीतर अळी. डिसेंबर-जानेवारीत पुणे-नाशिककडे पानं लहान येऊन वाढ थांबली, तर तो रोग नाही. थंडीत अळू स्वस्थ बसतं. तेव्हा खत-पाण्याचा मारा केला तर गड्डा कुजतो.

मे महिन्याचं मात्र एक कोडं आहे, आणि शहरात ते फार जणांना पडतं. इमारतीच्या उत्तरेकडची पट्टी वर्षभर सावलीत असते, म्हणून तिथे अळू लावलेलं असतं. मग मेच्या शेवटी पानाच्या मधोमध कागदासारखे कोरडे, फिकट चट्टे कसे पडतात? कारण मुंबई-पुण्याच्या अक्षांशावर साधारण मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत भर दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला सरकलेला असतो. शून्य सावलीचे दोन दिवस याच दोन टोकांना येतात. सकाळ-संध्याकाळचं ऊनही त्या काळात ईशान्येकडून आणि वायव्येकडून येतं. म्हणजे वर्षातली सर्वांत सावलीची जागा वर्षातल्या सर्वांत कडक उन्हात काही आठवडे उघडी पडते. जूनमध्ये ढग आले की त्रास आपोआप थांबतो आणि माणूस समजतो की आपण घातलेल्या औषधाने गुण आला. त्या दोन-तीन आठवड्यांपुरती हिरवी जाळी किंवा जुनी साडी वरून बांधली तरी पुरतं. पावसाळ्याआधी फांद्या छाटायला येतात तेव्हाही हेच होतं. कालपर्यंत सावलीत वाढलेलं कोवळं पान एका दिवसात उन्हात येतं आणि भाजतं. असं पान काढू नका, निम्मं हिरवं असलं तरी ते गड्ड्याला पोसतं.

करपा ओळखायचा कसा

करप्याचा डाग सुरुवातीला लहान, काळपट आणि भिजल्यासारखा दिसतो. दोन-चार दिवसांत तो वाढतो आणि त्यात एकात एक वर्तुळं उमटतात. डागावर मधासारखे पिवळट-केशरी थेंब येतात, ते पुढे वाळून टणक कण होतात. खात्री करायची तर उजाडताच जा आणि पान उलटून बघा. डागाच्या कडेने पांढुरकी, पिठूळ लव दिसली की विषय संपला. ऊन चढल्यावर ती दिसत नाही, म्हणून दुपारी बघणाऱ्याला हा रोग अर्धाच कळतो.

जुन्या, खालच्या पानांवर तांबूस, पसरट, कडा नसलेले डाग पडतात ते निराळे. त्यांना भोक पडत नाही, ते नव्या पानावर चढत नाहीत. तिकडे दुर्लक्ष करा.

करपा आणणाऱ्या जिवाचं नाव फायटोफ्थोरा कोलोकेसी. रासिबोर्स्की या शास्त्रज्ञाने १९०० साली जावा बेटावरून त्याची नोंद केली. १९९३ मध्ये तो प्रशांत महासागरातल्या सामोआत पोचला आणि अळकुडी, म्हणजे अळवाचा कंद, हेच ज्यांचं मुख्य अन्न आणि निर्यातीचं पीक, त्या बेटांवरची शेतं त्याने झोपवली. आपल्याकडे पोफळीच्या बागेत सुपारी गळवणारा कोळेरोग आणि बटाट्याचा उशिराचा करपा हे याच कुळातले. हे सांगायचं कारण व्यवहाराचं आहे. हा जीव दिसायला बुरशीसारखा असला तरी खरी बुरशी नाही. त्यामुळे गुलाबासाठी घरात आणून ठेवलेलं कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक अळवावर मारलं तर करप्यावर त्याचा उपयोग शून्य. पैसे जातात आणि खायच्या पानावर विष बसतं.

त्याला लागतं ते एवढंच: पंचवीस अंशांच्या आसपासची हवा आणि काही तास ओलं राहिलेलं पान. कोकणातली पावसाळी रात्र याहून वेगळं काय देते? बीजाणू रात्री तयार होतात आणि पावसाच्या थेंबांबरोबर शेजारच्या पानावर उडतात. निरोगी पान महिना-सव्वा महिना टिकतं, करपलेलं त्याच्या निम्म्या वेळातच संपतं. झाडावर पाच-सहा पानं असायची तिथे दोन उरतात, आणि तेवढ्यावर गड्डा भरत नाही.

दरवर्षी परत का येतो

लोक आभाळाला दोष देतात, पण पाऊस फक्त पसरवतो. सडून वाळलेल्या पानात हा जीव फार दिवस जगत नाही. एका पावसाळ्यातून दुसऱ्या पावसाळ्यात तो जातो तो जिवंत भागांवरून: तोच गड्डा, गड्ड्याला चिकटलेला देठाचा बुडखा, उन्हाळ्यातही पाण्याच्या कडेला तग धरून राहिलेलं एखादं झाड. परसातल्या अळवाला आपण वर्षानुवर्षं हात लावत नाही, पिल्लं फुटत जातात, बेट दाट होत जातं. म्हणजे रोगाला घर बदलावं लागत नाही. कुंपणापलीकडे गटाराच्या काठाने तेरं माजलेलं असेल तर तिथूनही आवक चालू राहते.

दुसरं कारण पागोळ्या. कौलारू घर असो की पत्र्याची शेड, अळू नेमकं पागोळ्यांच्या रेषेत लावलेलं असतं, कारण तिथे आयतं पाणी मिळतं. पागोळीचा थेंब उंचावरून आपटतो, पान फाटतं, चिखल उडून खालच्या पानांवर बसतो आणि बीजाणू चारही बाजूंना फेकले जातात. हातभर पुढे किंवा मागे सरकवलं तरी ओल तेवढीच मिळते आणि हा मार चुकतो.

तिसरं, सावलीचा प्रकार. नारळ-पोफळीखालची सावली विरळ असते, मधून ऊन सरकत जातं, वारा खेळतो. अळू तिथे वर्षानुवर्षं छान राहतं. आंब्याखालची सावली गच्च. पाऊस थांबला तरी आंबा ठिबकत राहतो. कंपाउंडची भिंत आणि इमारत यांच्यामधली बोळ तर सर्वांत वाईट, तिथे हवा हलतच नाही. देठ लांब, पान पातळ आणि फिकट, आणि झाड एका बाजूला कललेलं दिसलं की समजावं, सावली मर्यादेपलीकडे गेली. अशा पानाला करपा लवकर गाठतो. आंब्याखाली लावायचंच असेल तर खोडाजवळ नको, जिथे फांद्यांचा घेर संपतो त्याच्या बाहेर लावा. सकाळचं दोन-तीन तास ऊन लागलं तरी रात्रीची ओल सुकते.

लावणीच्या वेळचं काम

अक्षय्य तृतीयेच्या सुमारास ते मृग लागेपर्यंत ही कामं उरकली तर पुढचा अर्धा त्रास टळतो. बेट उकरा. सगळं एकदम नको, एक बाजू यंदा, दुसरी पुढच्या वर्षी. मोठे जुने गड्डे स्वयंपाकघरात जाऊ द्या. लावायला बाजूची टणक, घट्ट पिल्लं किंवा अळकुड्या निवडा. माती धुवा, जुन्या देठांचे पापुद्रे सोलून काढा, मऊ किंवा काळा भाग दिसला तर तो गड्डा बाजूला. चार-पाच दिवस सावलीत सुकू द्या आणि मग दीड ते दोन फुटांवर लावा. दीड फूट ऐकून लोकांना जागा वाया गेल्यासारखी वाटते. आषाढात ती जागा उरलेली नसते.

लावल्यावर जमीन झाका: भाताचा पेंढा, नारळाची सोडणं, सुक्या झावळ्या, काहीही. यामुळे ओल टिकते हे सगळे सांगतात. माझ्या दृष्टीने मोठा फायदा म्हणजे पावसाचा थेंब मातीवर आपटत नाही आणि चिखल पानावर उडत नाही. अळवाचीच जुनी पानं मात्र आच्छादनाला वापरू नका.

वाणाने फरक पडतो, पण चमत्कार होत नाही. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचं ‘कोकण हरितपर्णी’ हे खास पानांसाठीचं वाण आहे. तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंद पिके संशोधन संस्थेचं ‘मुक्तकेशी’ करप्याला बऱ्यापैकी तोंड देतं, पण ते मुख्यतः अळकुड्यांसाठी. वडीच्या काळपट देठाच्या घरगुती अळवात झाडागणिक फरक दिसतो. शेजारच्या आळीत भर श्रावणातही स्वच्छ उभं राहिलेलं अळू दिसलं तर त्या घरातून पिल्लू मागून आणणं हा माझ्या मते कुठल्याही खरेदीपेक्षा चांगला मार्ग.

झड सुरू झाल्यावर

आता उपाय थोडे उरतात. आठवड्यातून दोनदा फेरी मारायची आणि डाग दिसलेलं पान देठासकट कापायचं. हे काम पान कोरडं असताना, म्हणजे पावसाने उघडीप दिल्यावर दुपारी करा. सकाळी ओल्या पानांत हात घातला की आपणच बीजाणू एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो. कापलेली पानं पिशवीत भरून बेटापासून लांब खड्ड्यात पुरा. पोंगा (न उलगडलेलं कोवळं पान) आणि त्याच्याखालची दोन पानं शक्यतो राखा. दहा-वीस झाडांच्या बागेत या एका कामाने रोग आटोक्यात राहतो. सगळं बेटच पेटलेलं असेल तर मात्र पानं खुडत बसून झाड बोडकं होतं, रोग तसाच राहतो.

एक युक्ती सणाच्या हिशेबाने करता येते. झड लागायच्या आधी, पानं स्वच्छ असतानाच, खाण्याजोगी सगळी कापून घ्या. फदफदं करा, वड्यांचे उंडे वाफवून फ्रीजरमध्ये ठेवा. नाहीतरी ती पानं सडणारच होती. पाऊसमान चांगलं असलं की साधारण आठवडा-दहा दिवसांत एक नवं पान उलगडतं. आषाढातली झड ओसरल्यावर फुटलेली पानं गणपतीच्या सुमारास हाताशी येतात.

फवारणीबद्दल सगळे विचारतात म्हणून सांगतो. पोफळीवर मारतात ते एक टक्का बोर्डो मिश्रण करप्याविरुद्ध काम करतं, पण ते आधीपासून पानावर असावं लागतं. लागलेला डाग त्याने बरा होत नाही. १० लिटर पाण्याला १०० ग्रॅम मोरचूद आणि १०० ग्रॅम कळीचा चुना. दोन्ही प्लॅस्टिकच्या वेगवेगळ्या बादल्यांत विरघळवून मग एकत्र करायचं. त्यात लोखंडी सुरी क्षणभर बुडवून बघा, पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय. त्याच दिवशी वापरून टाका. अळवावर ते सरळ घरंगळून जातं, म्हणून रिठ्याचं पाणी किंवा साबणाचे थेंब घालावे लागतात. खायच्या पानांवर हे मारू नये असं माझं स्पष्ट मत आहे. पुढच्या वर्षीच्या बियाण्यासाठी दोन-चार झाडं राखणार असाल तर तेवढ्यांवर मारा आणि त्यांची पानं त्या हंगामात खाऊ नका. ताक, हळद, खायचा सोडा यांच्या पाककृती फिरत असतात. झडीत त्यातलं काहीही पानावर तासभरसुद्धा राहत नाही.

पडवीतलं अळू

शहरात राहणाऱ्यांसाठी, आणि दरवर्षी हरणाऱ्यांसाठी, मी आता हाच सल्ला आधी देतो: चार झाडं बादल्यांत लावून पाऊस थेट पडणार नाही अशा जागी ठेवा. पडवी, गॅलरीची ग्रिल, पार्किंगच्या छताची उजेडाची कड. पान कोरडं, मूळ ओलं. करपा तिथे जवळजवळ येत नाही, कारण त्याला लागणारं पानावरचं पाणीच नसतं.

पंधरा-वीस लिटरची जुनी बादली घ्या. भोकं तळाला न पाडता तळापासून चार बोटांवर बाजूने पाडा, म्हणजे खाली थोडं पाणी साठून राहतं. माती, कुजलेलं शेणखत आणि थोडं कोकोपीट. बादलीत एकच गड्डा. पाणी मातीवर घाला, पानांवर शिंपडू नका. बादलीखाली ताटली ठेवून तिच्यात पाणी भरायची पद्धत आहे, पण ती ताटली आठवड्यातून एकदा पूर्ण कोरडी करायलाच हवी. डेंग्यूचे डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात होतात. बाजूला भोकं पाडलेल्या बादलीत पाणी मातीखाली झाकलेलं राहतं, त्यामुळे ही कटकट नाही.

उजेड मात्र हवा. छापील मजकूर दिव्याशिवाय सहज वाचता येईल इतका तरी.

मोरीचं पाणी

आजीच्या परसात न्हाणीच्या पाण्यावर अळू, केळ आणि कर्दळ माजायची. तेच पाणी आता का चालत नाही? कारण पाणीच तेच राहिलेलं नाही. शिकेकाई, डाळीचं पीठ, फार तर एक साबणाची वडी, यांच्या जागी कपड्यांची पावडर, फरशीचं द्रावण आणि ब्लीच आले. त्यातलं सोडियम मातीत साठत जातं, काळी माती त्याने चिकट आणि घट्ट होते, हवा आत जात नाही. लक्षण असं: जुन्या पानांच्या कडा आधी वाळतात, मातीवर पांढरट पापुद्रा दिसतो, पावसाळ्यात धुतलं गेलं की झाड सुधारतं आणि होळीच्या सुमारास पुन्हा सुरू. बोअरचं जड पाणी असेल तर हेच आणखी लवकर.

वॉशिंग मशीनचं पहिलं पाणी अळवाला देऊ नका, शेवटच्या खळबळण्याचं चालेल. डाळ-तांदूळ, भाज्या धुतलेलं पाणी उत्तम. पापुद्रा दिसत असेल तर वरची दोन बोटं माती काढून टाका आणि साध्या पाण्याने दोन-तीनदा भरपूर भिजवून निचरा होऊ द्या. संडासाचं किंवा नाल्याचं पाणी मिसळत असेल तर ते अळू शोभेसाठी ठेवा. झाड जोमदार दिसतं, पण ते खाऊ नये.

माती ओली आणि पान मलूल

दुपारी पान लोंबतं, माती तर चिखल. इथे लोक आणखी पाणी घालतात. एक झाड उपटून मुळं बघा. पांढरी, ताठ असतील तर फक्त उकाडा आहे, संध्याकाळी पान सावरेल. तपकिरी, बोटांत सालपट निघणारी असतील आणि गड्ड्याच्या बुडाला आंबूस वास येत असेल तर ती कूज आहे. हे काम बहुधा पिथियम या मुळं कुजवणाऱ्या जिवाचं. अळू पाण्यात वाढतं हे अर्धसत्य आहे. वाहत्या, गार पाण्यात ते वाढतं. पाटाकाठी ते खूश असतं आणि डबक्यात कुजतं, कारण साठलेल्या कोमट पाण्यात प्राणवायू उरत नाही. हवाईतले शेतकरी अळकुडीच्या खाचरांतून पाणी सतत वाहतं ठेवतात ते याचसाठी. परसात चर काढून पाण्याला वाट करून द्या, कुजका भाग कापून चांगला गड्डा सुकवून दुसरीकडे लावा. त्या जागी दोन हंगाम अळू नको, कर्दळ लावा.

पिवळेपणाबद्दल थोडक्यात. जुनं पान सबंध पिवळं होतंय तर नत्र कमी किंवा पानाचं वयच झालं. नवं पान पिवळं आणि शिरा हिरव्या, तर लोह मिळत नाही. हे देशावर, चुनखडीच्या काळ्या मातीत हमखास दिसतं, कोकणच्या जांभ्या मातीत सहसा नाही. कुजलेलं खत भरपूर घाला. तातडीचा उपाय म्हणून लिटरला ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट), थोडं लिंबू पिळून, नव्या पानांवर एकदा फवारा.

खाणारे

पानाच्या मागे तपकिरी केसाळ पुंजका दिसला किंवा बारीक अळ्यांचा घोळका हिरवा गर खरवडून पान जाळीदार करताना दिसला, तर ते एकच पान तोडून साबणाच्या पाण्यात बुडवा. चार दिवस उशीर झाला की त्या पांगतात. शेपटीवर शिंग असलेली जाड अळी एकटीदुकटी असते, खालच्या पानावर तिच्या लेंड्या पडलेल्या दिसतात, वर शोधून उचला. माव्यावर मुंग्या चढतात, त्यांच्या मागे गेलात की मावा सापडतो. पाण्याचा जोरदार फवारा पुरेसा असतो. पण पानावर शिरांच्या कडेने पिसासारखी फिकट नक्षी उमटली असेल तर माव्याने विषाणू आणला आहे. त्याला औषध नाही, त्या झाडाची पिल्लं पुढे लावू नका.

आफ्रिकन गोगलगायी रात्री विजेरी घेऊन, हातमोजे घालून वेचायच्या आणि मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाकायच्या. वाफ्यात मीठ फेकू नका, त्याने गोगलगायीबरोबर अळूही जातं. घूस, साळिंदर आणि रानडुक्कर गड्डे उकरत असतील तर भक्कम कुंपणाशिवाय इलाज नाही.

घसा खवखवण्याची तक्रार रोगाच्या यादीत येते, पण ती रोगाची नव्हे. अळवात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, झाड निरोगी असो वा नसो. चिंच, आमसूल किंवा आंबट चुका घालून नीट शिजवणं हे आपल्याकडे चालत आलेलंच आहे. तरीही दरवेळी खाजत असेल तर तुमच्याकडे बहुतेक तेरं आलेलं आहे.

श्रावणात एक दोरा

बियाणं निवडायची खरी वेळ लावणीची नसते. झड ऐन भरात असताना बेटात फिरा आणि त्यातल्या त्यात स्वच्छ राहिलेल्या झाडांच्या देठांना, अगदी बुडाशी, रंगीत दोरा बांधा. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पानं पिवळी पडून बसायला लागली की फक्त तेवढीच झाडं उकरा, कारण तेव्हा सगळी सारखीच मरगळलेली दिसतात आणि चांगलं कोणतं ते आठवत नाही. अळकुड्या न धुता माती झटकून सावलीत सुकवा आणि कोरड्या वाळूत किंवा भाताच्या तुसात, हवा लागेल अशा टोपलीत ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवल्या तर आठवड्याभरात घाम येऊन बुरसतात. मधूनमधून टोपली चाळून मऊ पडलेल्या काढून टाका. माघ-फाल्गुनात काहींना कोंब येतील, ते मोडू नका, त्या वर ठेवा. लावायला त्याच आधी घ्यायच्या आहेत.